वय बेचाळीस, निळा शर्ट

अहो,

नमस्कार. मी अगदी मजेत आहे. ऊन रणरणतंय, पण लेकानं दाखवायला आणलेलं हे जत्रेसारखं खेळांचं शहर बघाच एकदा! पाळणे पार ढगांना टेकलेत, आणि एवढ्या गर्दीत खाली कागदाचा कपटा नाही.

पाणी प्यायला थांबले, तर आपला लेक दिसेनासा झाला. माझा मोबाइल त्याच्याच पिशवीत. मग हरवलेल्या मुलांच्या खिडकीवर वर्णन दिलं: वय बेचाळीस, निळा शर्ट, पोट सुटलेलं. त्यांनी लाउडस्पीकरवरून गावभर ऐकवलं!

धापा टाकत आला आणि खेकसला, "जागेवरून हलू नकोस म्हटलं होतं ना!" हुबेहूब तुमचा आवाज. दोन वर्षं तुम्हा बापलेकांत अबोला. मला भर गर्दीत रडू आलं.

गोळ्या वेळेवर घेताय ना? रविवारी त्याला फोन करा. नाहीतर तुमचंही वर्णन खिडकीवर देऊन येईन.

तुमचीच,
सौ.