नातीला घेऊन बोटीत चढण्यापूर्वी केलेली व्यवस्था

अल्लाहचे नाव घेऊन मी, दर्निस, वय एकाहत्तर, राहणार पायाकुंबुहजवळच्या आमच्या कुळाच्या घरी, लिहून ठेवते की माझे डोके शाबूत आहे. हृदय तेवढे नाही. डॉक्टर म्हणाले, प्रवास करू नका. म्हणून हे मृत्युपत्र दुमाई बंदराच्या धक्क्यासमोरच्या खानावळीत लिहीत आहे. दुपारच्या बोटीने मी बारा वर्षांच्या नातीला, रिफ्दाला, घेऊन सामुद्रधुनीपलीकडच्या देशात, मलाक्काला, निघाले आहे. ती सकाळपासून बूट घालून बसली आहे. "आजी, आटप ना गं! बोट तुझ्या भाषणासाठी थांबायची नाही."

पहिले, घर. ते माझे नाही, म्हणून मला देता येत नाही. ते आईकडून लेकीकडे जाते. माझी लेक वारली, तेव्हा माझ्यानंतर ते रिफ्दाचे. पण आमच्यात मुलाला मिसरूड फुटताच परमुलखात धाडतात आणि मुलीच्या कमरेला किल्ली बांधतात. याविरुद्ध मी आयुष्यभर व्यासपीठे गाजवली, आणि स्वतः ही सामुद्रधुनी एकदाही ओलांडली नाही. घर हा मान आहे, गळ्यातले दावे नव्हे. रिफ्दाला जिथे जायचे तिथे ती जाईल. तोवर किल्ली माझ्या बहिणीची लेक रोस्मा सांभाळेल. "घर ओस पडलं" असे रडगाणे गाऊन तिला कुणी माघारी बोलावू नये.

माझ्या कमाईची बचत मात्र माझी आहे. तिचा एक तृतीयांश रिफ्दाच्या शिक्षणाला आणि भटकंतीला. उरलेली धर्माने ठरवलेल्या वाट्यांप्रमाणे माझ्या वारसांना.

माझा धाकटा भाऊ, कुळप्रमुख दातुक मांगकुतो, याला सभेतला माझा बॅटरीवरचा कर्णा. "ताई, पोरीला वाटेची चटक लावू नकोस," असे तो अजून म्हणतो. म्हणजे माझे एकही भाषण त्याच्या कानापर्यंत पोहोचलेले नाही.

आता बुस्तामी, रिफ्दाचे वडील. गेल्या महिन्यात आम्ही दोघी याच धक्क्यावर आलो होतो. पोरीला परदेशी नेण्याच्या संमतीपत्रावर दातुकची सही होती, कुळाचा शिक्काही होता. पोरीचे सगळे आजोळच ठरवते, बापाला विचारायचे असते हे माझ्या डोक्यातच आले नाही. अधिकारी म्हणाला, "आजी, शिक्का झकास आहे. पण पोरीचा बाप कुठाय?"

"बाप आमच्याकडे पाहुणा असतो," मी ठणकावले.

मागची रांग हसली. बोट आमच्याशिवाय गेली. परतताना रिफ्दा माझ्यापासून लांबच्या बाकावर बसली.

मग मी बुस्तामींच्या दारी गेले. माझी लेक गेल्यापासून ते दुसऱ्या बायकोच्या घरी राहतात. जावई म्हणजे जळक्या खुंटावरची राख, वारा आला की उडाली, ही आमची म्हण मी त्यांना भर जेवणात ऐकवलेली.

"या आई. राखेची सही चालते का, ते विचारायला आलात?"

मी संमतीपत्र त्यांच्यापुढे ठेवले. सभेत मी कुणापुढे अशी मान खाली घातली नव्हती. त्यांनी सही केली, वर म्हणाले, "नुसत्या कागदावर परत अडवतील. मी येतो धक्क्यापर्यंत." आले आहेत. शेजारच्या बाकावर लेकीला भाजलेला मासा काटे काढून भरवत आहेत.

त्यांना मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला त्यांचीच साक्ष हवी आहे.

शेवटचे. वाटेत किंवा पलीकडे मी मेले तर मला तिथेच पुरावे. बुस्तामींनी रिफ्दाकडे जावे, पण तिला लगेच घरी आणू नये. पाहायला निघाली आहे ते तिने सगळे पाहावे.

बोटीने शिटी दिली. पोर उठून उभी राहिली आहे. सही करते.

दर्निस
दुमाई, १४ जून २०१९

साक्षीदार:
१. याह्या, खानावळीचे मालक
२. बुस्तामी, ~~पाहुणा~~ मुलीचा बाप

(दुसऱ्या सहीतली खाडाखोड माझ्या हातची व माझ्या मर्जीने आहे. दर्निस)