कोल्डर रिजच्या सहली

प्रति,
मा. अधीक्षक,
टॅमरॅक व्हॅली शाळा विभाग,
केटर्स रन, पेनसिल्व्हेनिया.

विषय : गृहशिक्षणातील शैक्षणिक सहलींचे दिवस उपस्थितीत धरण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १२ फेब्रुवारी २०२४ चा अर्ज.
२) आपल्या कार्यालयाचे दि. ३० एप्रिल २०२४ चे पत्र.
३) आपल्या कार्यालयाचा दि. ३ जून २०२४ चा आदेश.

महोदय,

मी, रोडा क्लिंगर, माझ्या दोन मुलींना, आयव्ही (वय १२) व नेल (वय ७), गेली दोन वर्षे आपल्या विभागाकडे रीतसर नोंद करून घरी शिकवीत आहे. वर्षाला एकशे ऐंशी दिवस शिक्षण झाले पाहिजे, हा नियम मला मान्य आहे. मुलींचे एकशे अडतीस दिवस घरी व बेचाळीस दिवस सहलींत झाले. संदर्भ ३ च्या आदेशाने यांपैकी एक्केचाळीस सहली नामंजूर झाल्या असून, दोघींना गैरहजर ठरवून प्रकरण दंडाधिकाऱ्यांकडे पाठवले आहे. सुनावणी २७ जूनला आहे. तत्पूर्वी पुढील हकिकत आपल्या नजरेखालून जावी, अशी विनंती आहे.

१. नामंजूर झालेल्या सर्व सहली एकाच ठिकाणी झाल्या, हे खरे आहे. ते ठिकाण म्हणजे कोल्डर रिज येथील राज्य कारागृह. माझे पती डेल क्लिंगर तेथे सात वर्षांची शिक्षा भोगत होते. त्यांनी दारूच्या नशेत गाडी चालवली व अर्ल विंगेट नावाचा मनुष्य मेला. शिक्षेबद्दल आमची कधीच तक्रार नव्हती व आजही नाही.

२. त्यांच्या बराकीला भेटीचे दिवस मंगळवार व गुरुवार. आमच्या घरापासून कारागृह एकशे चौऱ्याहत्तर मैल. मुली शाळेत होत्या तेव्हा महिन्यातून दोनदा त्यांचा खाडा होई आणि शाळेतून पत्र येई. पत्रांचे मी सोसले असते. पण वर्गातल्या मुली आयव्हीला चिडवून विचारू लागल्या, "तुझे पप्पा कुठल्या कॉलेजात आहेत गं? सुट्टी कधी लागते त्यांना?" त्यानंतर ती डबा खायला मुतारीत जाऊन बसे. हे मला तिने सांगितले नाही, तेथील सफाई करणाऱ्या बाईंनी सांगितले. त्याच आठवड्यात मी दोघींना शाळेतून काढले.

३. भेटीच्या खोलीत कागद-पेन्सिल नेऊ देत नाहीत. डेल छपरे घालणाऱ्यांच्या टोळीचे मुकादम होते, त्यांचे सगळे शिक्षण छपरावर झालेले. ते टेबलावर बोटाने त्रिकोण काढीत आणि आयव्हीला उताराचे गणित घालीत. यंत्रातून घेतलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर अपूर्णांक झाले. मुली सगळे पाठ करीत आणि बाहेर आल्यावर गाडीत बसून वहीत उतरवीत. थंडीत बोटे वळत नसत म्हणून मी इंजिन चालू ठेवी. नेल घड्याळ वाचायला तेथेच शिकली, कारण किती वेळ उरला हे तिला दर वेळी कोणाला तरी विचारावे लागे आणि ते तिला आवडत नसे. वजाबाकीही तिला त्यातूनच आली.

४. सतराव्या सहलीच्या नोंदीवर 'नागरिकशास्त्र' असे लिहिले आहे व त्यावर आपल्या कार्यालयाने लाल शाईने प्रश्नचिन्ह केले आहे. त्याचा खुलासा असा. त्या दिवशी आयव्हीने वडिलांना विचारले की, तुम्ही ज्याला मारलं तो कोण होता. मी तिला गप्प करणार होते. डेलने मला हाताने थांबवले. त्यांनी त्या मनुष्याचे नाव सांगितले, त्याला दोन मुलगे आहेत हे सांगितले, तो रेल्वेच्या यार्डात रात्रपाळीला निघाला होता हे सांगितले. मग म्हणाले, "रस्ता निसरडा नव्हता, दिवा बिघडलेला नव्हता. चूक माझी होती, पोरी. कोणी काही वेगळं सांगितलं तर ऐकू नकोस. मी सांगितलं तरी ऐकू नकोस." न्यायालय, ज्यूरी आणि शिक्षा हे तीन धडे मी तिला पुस्तकातून शिकवले होते. तिला ते त्या दिवशी कळले. महोदय, या नोंदीला दुसरे कोणते नाव द्यावे हे मला ठाऊक नाही.

५. जानेवारीत डेलच्या यकृतात कर्करोग निघाला. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत सांगितली. त्यांना कारागृहाच्या दवाखान्यात हलवले. तेथे भेट सकाळी नऊपासून एक तास, आणि एका वेळी दोघेच, म्हणून मी दाराबाहेर बसून मुलींना आत पाठवीत असे. सहली मंजूर होतील की नाही हे लवकर कळावे यासाठी मी संदर्भ १ चा अर्ज केला व त्यात कारण स्पष्ट लिहिले. अर्ज विहित नमुन्यात नाही, नमुना सातमध्ये पुन्हा करावा, असे उत्तर मला अकरा आठवड्यांनी मिळाले.

६. मधल्या काळात, २१ मार्चला, आपल्या गृहशिक्षण निरीक्षक श्रीमती गार्विन आमच्या घरी तपासणीला आल्या. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली, हे मी नमूद करते. त्या उद्धट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "कारागृह हे शैक्षणिक स्थळांच्या यादीत नाही हो. माझ्या हातात असतं तर वेगळी गोष्ट होती." यापुढे प्रत्येक सहलीला भेट दिलेल्या संस्थेच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र व मार्गदर्शकाचे नाव जोडावे, अन्यथा दिवस धरला जाणार नाही आणि मुलींना परत शाळेत बसवावे लागेल, असेही त्यांनी सांगितले. मुली शाळेत बसल्या असत्या तर मंगळवार-गुरुवार गेलेच असते. म्हणून मी त्यांचे म्हणणे शब्दशः पाळायचे ठरवले.

७. पुढच्या मंगळवारी मी प्रवेशाच्या खिडकीवरचे रक्षक श्री. टॉलिव्हर यांच्याकडे प्रमाणपत्र मागितले. मार्गदर्शकाच्या रकान्यात मी पतीचे नाव व कैदी क्रमांक आधीच भरला होता. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "बाई, आमच्याकडे एकच शिक्का आहे, आणि तो भेटीला येणाऱ्यांच्या हातावर मारायचा." तो शिक्का निळ्या दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नाही. घरी आल्यावर आयव्ही मला म्हणाली की, त्या तपासणीच्या बाईंना बोलव, मी दोन दिवस हात धुणार नाही. मी बोलावले नाही. आपल्या कार्यालयात तसला दिवा असेल असे मला वाटले नाही. कारागृहाच्या अधिकाऱ्यांकडे लेखी विनंती केली, तिचे उत्तर आले नाही.

८. कोल्डर रिजच्या अलीकडे बारा मैलांवर माशांची पैदास करणारे सरकारी केंद्र आहे. ते आपल्या यादीत आहे. ९ एप्रिलला, मंगळवारी, मी गाडी तेथे थांबवली. विचार असा की, नऊला केंद्र उघडताच शिक्का घ्यावा आणि साडेनऊपर्यंत दवाखान्यात पोचावे. ज्यांच्याकडे शिक्का होता ते गृहस्थ आले नव्हते. दुसऱ्या एका बाईंनी मुलींना ट्राउटची पिल्ले दाखवली, त्यांना काय घालतात ते सांगितले. आयव्ही दोनदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, चल ना. कागद राहू दे." मी म्हटले, पाच मिनिटे थांब. मी असे किती वेळा म्हटले ते मला आठवत नाही. दहा वाजून गेल्यावर शिक्का मिळाला.

आम्ही अकराला खिडकीशी पोचलो. श्री. टॉलिव्हर आपली जागा सोडून बाहेर आले. यापूर्वी ते कधी बाहेर आले नव्हते. ते म्हणाले, "मुलींना गाडीत बसवून या." डेल दहा वाजून वीस मिनिटांनी गेले होते. ते शुद्धीवर होते, आणि नऊपासून दोनदा विचारत होते की पोरी आल्या का, असे तेथील परिचारिकेने मला सांगितले. मी तिला विचारले नसते तर तिने सांगितले नसते.

९. संदर्भ ३ च्या आदेशात बेचाळीसपैकी एकच सहल मंजूर केली आहे. ती ९ एप्रिलची. कारण तिला प्रमाणपत्र आहे, शिक्का आहे, मार्गदर्शकाचे नाव आहे, आणि वहीत 'जीवशास्त्र' असे लिहिले आहे. तो शब्द माझ्या अक्षरातला आहे. आयव्हीने त्या दिवसाचा रकाना कोरा सोडला होता. नियमाची पूर्तता व्हावी म्हणून मी तो नंतर भरला.

१०. तरी माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. पहिल्या एक्केचाळीस सहली शिक्षणाचे दिवस म्हणून धराव्यात. त्या दिवसांत मुली शिकल्या आहेत. आपण त्यांची कोणतीही परीक्षा घ्यावी. आयव्ही कोणत्याही छपराचा उतार काढून दाखवील. नेलला घड्याळ दाखवावे.

बेचाळिसावी सहल मात्र वगळावी. त्या दिवशी कोणी काही शिकले नाही.

असे केल्यास मुलींचे एकशे एकोणऐंशी दिवस भरतात व एक दिवस कमी पडतो, याची मला जाणीव आहे. तो आपण सांगाल त्या तारखेला, सांगाल त्या ठिकाणी भरून देईन.

आपल्या लेखी निर्णयाच्या प्रतीक्षेत,

(सही)
रोडा क्लिंगर
केटर्स रन
दि. १२ जून २०२४

सोबत : १) नमुना सात, भरलेला.
२) सहलींची वही, मूळ प्रत. ती कृपया परत मिळावी, मुलींना हवी आहे.
३) डेल क्लिंगर यांच्या मृत्यूचा दाखला.

(मत्स्यकेंद्राचे प्रमाणपत्र आपल्याकडेच आहे. ते परत पाठवू नये.)