पंचफुलाच्या गोळ्या

ताडकळस,
मंगळवार, दि. २२ जानेवारी १९८५

चि. बन्सीधर भाऊजींस मनकर्णा वहिनीचे आशीर्वाद.

इकडं आमी सगळे खुशाल, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. खुशाल कुणीच न्हाई. परभणीच्या दवाखान्यातून तुमची चिठ्ठी काल संध्याकाळच्या गाडीनं कंडक्टर सितारामनं आणून दिली. तुमच्या दादांनी ती दोनदा वाचली अन् न जेवता शेतातल्या आखाड्यावर निघून गेले. आत्याबाई देवापुढून उठंनात. मी सकाळपासून तीनदा लिहायला बसले अन् तीनदा उठले. एकदा दूध उतू गेलं म्हणून, दोनदा उगीच.

ज्वारी हुरड्याला आली, पण कुणाला हौस न्हाई. येलदरीला तुमच्या पॉवर हाउसात रजेचा अर्ज दादा आजच टाकायलेत, त्याची फिकीर करू नका.

तुमी लिहिलंय, फुलाला एकाचे दोन दिसायलेत, चालताना झोक जायलाय, अन् रविवारी सलाईनची बाटली चढवल्यापासून जास्तच बरळायलीय. डॉक्टर म्हणायलेत, महिनाभर व्हिटामिनच्या गोळ्या चालू असताना हे असं कसं? डोक्यात दुसरं काही दुखणं असंल असा त्यांना संशय हाय. अन् उद्या बुधवारपर्यंत फरक पडला न्हाई तर गर्भ पाडून पोट खाली करावं लागंल. ही शेवटची ओळ मी दिव्याची चिमणी जवळ ओढून पुन्हा वाचली.

भाऊजी, फुला माझी सख्खी बहीण. तिला या घरात मीच आणली. सोनपेठला जाऊन मायच्या पाया पडले, म्हणलं पोरगी आमच्या बन्सीधरलाच द्या. अकरा वर्षं झाली, माझी कूस उजवली न्हाई. बहिणीचं लेकरू तरी मांडीवर खेळवीन असं मी गावभर सांगत फिरले. हे सगळं तुमाला माहीत हाय. मुद्द्यावर यायला जीव होईना म्हणून लिहायलेय.

आज सकाळी नर्सबाई आल्या, म्हाळसाबाई. दारातूनच विचारलं, "पोरगी कशी हाय? उलट्या थांबल्या का?" मी तुमची चिठ्ठीच त्यांच्या हातात दिली. वाचता वाचता त्या ओट्यावर बसल्या. "मनकर्णा, खरं सांग. गोळ्या तिच्या पोटात गेल्या का?"

"गेल्या की."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी असं बघितलं की मी चुलीकडं तोंड केलं. मग म्हणाल्या, "हे बघ, इतक्या उलट्या झाल्या की अंगातलं 'ब' जीवनसत्त्व सरतं. ते नसताना साखरेची बाटली चढली तर डोळे, पाय, डोकं, सगळं बिघडतं. त्याचं इंजेक्शन हाय. आधी इंजेक्शन, मग बाटली. पण डॉक्टरला वाटायलं असंल की पोरीला गोळ्या मिळाल्यात, तर तो बिचारा दुसरंच शोधत बसंल. अन् उशीर झाला तर गेलेलं सगळं माघारी येत न्हाई." एवढं बोलून त्या उठल्या. चहासुद्धा घेतला न्हाई.

त्या गेल्यावर मी पहिला कागद लिहिला. त्यात लिहिलं की गोळ्या उलटीतच पडत होत्या, फुलानं आमच्यापासून लपवलं. तो कागद चुलीत घातला. हा दुसरा.

आता लिहितेच. पंचवीस डिसेंबरपासून पंचफुलाला एकही गोळी मिळालेली न्हाई. मी दिली न्हाई.

तिला उठवत नव्हतं, म्हणून तिचं भांडं मीच टाकायचे. गोळ्या चालू केल्यावर पाचव्या दिवशी बघते तर लघवी हळदीच्या पाण्यावाणी पिवळीजर्द. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला, "अगं बाई, कावीळ झाली गं पोरीला!" लगोलग येडबा वैदूकडून काविळीची माळ आणली अन् तिच्या डोक्यावर ठेवली. काड्यांची माळ ती, सैल होत होत लांबली. गळ्यात आली, छातीवर आली, अन् आमी म्हणायलो, कावीळ उतरायली. माळ अंगावर असेपर्यंत डाक्टरी औषध चालत न्हाई, असं येडबानं बजावलं होतं. तुमाला कळलं असतं तर शनिवारी घरी आल्या आल्या तुमी ती माळ तोडून फेकली असती. म्हणून माळ पदराखाली झाकून ठेवली, अन् मी रोज पाकिटातली एक गोळी काढायची अन् उकिरड्यात टाकायची. फुलाला म्हणलं, भाऊजींना बोलू नको, उगं चिडतील. तिनं ऐकलं. माझं ती कायमच ऐकते. तुमी रिकामं पाकीट बघून म्हणायचा, "वहिनी, तुमी हायेत म्हणून मी तिकडं निर्धास्त हाय."

इथवर वाचून तुमी म्हणाल, अडाणीपणा झाला. आत्याबाईंचा झाला. माझा न्हाई. गोळ्या देताना नर्सबाईंनी मला दारात थांबवून सांगितलं होतं, "लघवी पिवळी होईल, गोळीचाच रंग हाय तो, घाबरू नका." मला ते आठवत होतं भाऊजी. आत्याबाई कपाळ बडवायल्या तव्हा माझ्या ओठावर आलं होतं. मी बोलले न्हाई.

का, ते चार आठवडे स्वतःला विचारायलेय. जळाले का? जळाले. ज्या सासूनं अकरा वर्षांत मला "जेवलीस का" म्हणून विचारलं न्हाई, ती फुलाचं डोकं दाबत बसायची. पण नुसतं तेवढं न्हाई. त्या पहिल्या चार दिवसांत गोळ्यांनी तिला उतार पडला होता. पेज पोटात राहिली. उठून बसली अन् हसून म्हणाली, "अक्का, आता संक्रांतीला मी मायकडं जाते, बाळंतपण होईस्तोवर तिकडंच राहते." आदल्या दिवसापर्यंत हीच पोरगी माझा पदर सोडत नव्हती. "अक्का, तू उठू नको." माझ्या हातचं चमचाभर पाणी तेवढं तिच्या पोटात राहायचं. मला असं कुणी कधी धरून ठेवलं नव्हतं. म्हणलं, राहू दे अजून चार दिवस माझ्यापाशी. चाराचे आठ झाले, अन् मग सांगायला तोंड राहिलं न्हाई. तिचा जीव जावा असं माझ्या मनात कधीच नव्हतं. तुमी हे मानू नका, पण मला लिहू द्या.

हा कागद सितारामच्या हाती द्यायचा विचार होता. तो बदललाय. एकच्या गाडीनं मीच येतेय. घरात कुणाला सांगितलं न्हाई. तोंडानं सांगायला गेले तर तुमचं तोंड बघून मी पुन्हा खोटं बोलीन, माझा मलाच भरवसा न्हाई. म्हणून कागदच तुमच्या हातात देईन अन् बाजूला होईन.

वाचलं की आधी डॉक्टरकडं पळा. सांगा, चार आठवडे एक गोळी पोटात न्हाई, आधी इंजेक्शन द्या, पोटाला हात लावू नका. कुणी केलं विचारलं तर माझं नाव घ्या. मला काय बोलायचं, मारायचं ते मागून.

फुला शुद्धीवर आली अन् तिनं "अक्का कुठंय" असं विचारलं, तर मला हाक मारा. तिला मीच सांगीन. तिनं विचारलंच न्हाई, तर हाक मारू नका.

तुमची वहिनी असं लिहायला हात धजत न्हाई.

दाराबाहेर उभी हाय,
मनकर्णा