जेवणाच्या वेळेला बर्मिंगहॅम

४ मार्च, मंगळवार
आय-ट्वेंटी हायवेवर पाऊस. ट्रकांनी उडवलेल्या पाण्यात पुढचं काही दिसेना. बर्मिंगहॅमच्या नर्सिंग होममध्ये पोचेपर्यंत हिचं, शैलाचं, ताट उचललेलं. नर्स म्हणे, "शी रिफ्यूज्ड अगेन." डोंबलाचं रिफ्यूज्ड! जन्मभर इथल्या शाळेत शिकवलं बाईने, पण या विसराळूपणात तिचं इंग्रजी पार पुसलं गेलं. मराठी तेवढं उरलंय. ते या अलाबामात कळणार कोणाला?

६ मार्च, गुरु.
आज लवकर निघालो. दाराशीच थांबून पाहिलं. डेनिस नर्सने ताट ठेवलं. शै.ने ते तिच्याकडे सरकवलं. "तुम्ही जेवलात का?" डेनिस बिचारी ताट उचलून निघाली. म्हणजे इतके दिवस हे असं! समोरचा उपाशी असला की हिच्या घशाखाली घास उतरत नाही, लग्नापासूनची खोड. मी पुढे होऊन म्हटलं, "आम्ही सगळे जेवलो, तू घे." मुकाट जेवली.

डेनिसला 'जेवले' म्हणायला शिकवलं. चांगलं म्हणते.

७ मार्च, शुक्र.
डेनिसचं 'जेवले' ऐकून शै. नुसती हसली. जेवली मी पोचून सांगितल्यावरच. रोज जायला हवं.

११ मार्च, मंगळ.
परतताना माझं एक्झिट कधी मागे पडलं कळलंच नाही. शेजारच्या जॉर्जिया राज्याची स्वागताची पाटी आली तेव्हा उमगलं. समोरचे दिवे हल्ली फुटल्यासारखे दिसतात. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

रुचाला सांगायला नको होतं. लेक अटलांटाहून फोनवर: "बाबा, यू विल किल समवन!" बरोबर आहे तिचं. पण हिला जेवू कोण घालणार?

१५ मार्च, शनि.
रुचा येऊन गाडीच घेऊन गेली. "दर संडेला मी नेईन तुम्हाला. आईला अटलांटाला मूव्ह करायचं बघतेय, पण तिथल्या नर्सिंग होमला वेटिंग आहे." आणि सोमवार ते शनिवार? गावातून बस नाही. चिडलो, नको ते बोललो. ती रडत गेली.

मागच्या अंगणात हायवेचा आवाज येतो. सगळं जग चाललंय बर्मिंगहॅमला.

१८ मार्च, मंगळ.
डेनिसने आपणहून व्हिडिओ कॉल लावला. ताट समोर होतं. मी म्हटलं, "शैला, मी जेवलो गं. घे तू."

परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. मग अगदी अदबीने म्हणाली, "थांबते जरा. आमचे हे निघालेत घरून. रस्त्यात असतील."

डेनिस विचारत होती, काय म्हणाली. मी एवढंच सांगितलं, "शी इज वेटिंग."