पलीकडच्या गल्लीतला ठेका

जुनतुन, १० एप्रिल

योंगफू, ताईचा आशीर्वाद घे.

तुम्ही सगळे बरे असाल. माझं ठीक आहे. बाबांच्या थडग्याभोवतीचं गवत मी काढलं. तू आधीच येऊन गेला होतास, बाबांसाठी जाळलेल्या कागदी नोटांची राख दिसली. थांबला असतास तर भेट झाली असती.

काल आई तुझा निरोप घेऊन आली. मी दुकानात परत यावं, फळीवर लाटण्याने बाबांचा ठेका वाजवावा, तुझी परवानगी आहे म्हणे. आधी हसू आलं, मग डोकं तापलं.

बाबा गेले तेव्हा दुकान, भट्टी, नाव सगळं तुझ्याकडे आलं. माझी ना नव्हती. पण चार माणसांत तू म्हणालास, "लग्न होऊन गेलीस, आता आमच्या घरचा ठेका वाजवायचा नाही." आई मान खाली घालून गप्प बसली. मला तेच जास्त लागलं.

फळीवर लाटणं वाजलं नाही, तर आपल्या गावात गुओकुईच्या रोट्यांची भट्टी पेटलीय हे कळतं तरी कुणाला? पलीकडच्या गल्लीत स्वतःची भट्टी मांडून पूर्ण हिवाळा मी मुकी लाटत बसले. कणकेची पट्टी ओढायची, चरबी फासायची, तिरफळ घातलेला खिमा पसरून गुंडाळायचा, सगळं बाबांसारखंच. लोक मात्र बंद दुकानावरून जावं तसे जात होते. वाजवायला हात उचलला की बाबांचाच ठेका निघायचा आणि मी लाटणं खाली ठेवायची. वसंतापर्यंत धंदा चालला नाही तर भट्टी विकायची, असं ठरवून टाकलं होतं.

मग एक दिवस शेजारच्या कोंबडीवाल्या दंगकाकूंशी जुंपली. त्यांच्या पिसांचं टोपलं माझ्या पिठाच्या डब्याच्या तोंडाशी! मी बोलत होते नि लाटणं आपटत होते. काकू मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "भांडतेस की वाजवतेस? लोक थांबलेत बघ."

खरंच थांबले होते. तोच माझा ठेका, भांडणातून निघालेला. आता बाजाराच्या दिवशी रांग पुलापर्यंत जाते, काकू रांग लावतात नि वर मलाच दटावतात. मला फार मजा येते, योंगफू. हे लिहितानाही येते आहे.

तू कणीक यंत्रावर लाटतोस आणि बाबांचा रेकॉर्ड केलेला ठेका आवाजाच्या पेटीतून लावतोस, हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाईक तुटलं, हे आईकडून कळलं. आईने माझ्याकडे उभ्या उभ्या दोन गुओकुई खाल्ल्या. तोंड भाजलं तरी थांबली नाही. मग म्हणाली, "पेटी कधी चुकत नाही गं. तुझे बाबा गप्पांत रंगले की चुकायचे." मी धुराकडे तोंड करून रडून घेतलं.

मी परत येणार नाही. तुझी परवानगी आईबरोबरच परत पाठवते आहे. बाबांचा ठेका तू स्वतःकडे ठेवून घेतलास, तो आता तूच वाजव. पेटी बंद कर, लाटणं उचल. मनगट आखडलं असेल तर माझ्याकडे ये, सोडवून देते. चुकलास तर चुकलास. पलीकडच्या गल्लीत मी कान देऊन आहे.

कुणाच्याही परवानगीवाचून वाजवणारी, तुझीच,
सूरोंगताई