घरावरून जाणारी रेषा

मी, नकाशा कार्यालयातला निवृत्त आरेखक, वय शहात्तर, ज्याला कचेरीत सगळे पट्टीकाका म्हणत, आज पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके जागेवर आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या पत्नीची. घर ठेवावे की विकावे हे तिने ठरवावे. तिला कोणी शहाणपण शिकवू नये, विशेषतः माझ्या मेहुण्याने.

२. लेखण्या, कंपास, पितळी पट्टी व उतरते टेबल भाच्याला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. पट्टीने पाठ खाजवू नये. मी पाहिले आहे.

३. माझे जुने साहेब. मी अकरा महिने खपून काढलेल्या डोंगरांवर त्यांनी स्वतःची सही ठोकली. त्यांना काहीही मिळू नये. ते वारले हे ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो.

४. लांब गुंडाळी शाळेला. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिने विचारले, "बाबा, आपल्या घरापासून सरळ वर आणि सरळ खाली गेलं तर काय काय लागतं?" आमच्या घरावरून जाणारे रेखावृत्त आम्ही दोघांनी ध्रुवापासून ध्रुवापर्यंत कागदावर उतरवले. दोन वर्षे लागली. वर गोठलेला समुद्र, मग बिनझाडांची दलदल, सूचिपर्णी जंगल, गवताळ माळ, डोंगर, आमची गल्ली, किनारा. त्याखाली हातभर नुसते निळे पाणी. ते रंगवताना ती कंटाळली.

"इथे काहीच कसं नाही?"

"काहीच नाही असं नसतं गं. आपण गेलो नाही, एवढंच."

बोलून गेलो. तळाला दक्षिणेचे बर्फ म्हणून कागद कोराच सोडला. गुंडाळी भिंतीवर टांगू नये. जमिनीवर अंथरून मुलांना कडेकडेने चालू द्यावे.

५. मुलीचा हिस्सा नाही, कारण मुलगी नाही. ती बर्फाचा अभ्यास करायला त्या तळालाच गेली. छावणी आमच्याच रेषेवर होती. निघताना म्हणाली, "लांब कुठे जातेय बाबा, सरळ खाली तर जातेय." मी म्हणालो, "जायचं तर जा. मला पत्र पाठवू नकोस." ती दारात थांबली. मी मान वर केली नाही. पाचव्या महिन्यात बर्फातली भेग तिच्या पायाखाली उघडली. देह मिळाला नाही.

६. तिने पत्र लिहिले होते, आईच्या नावे. पोस्टमनने माझ्या हाती दिले. रागात मी ते न उघडता खणात टाकले. सहा दिवसांनी बातमी आली. मग कोणत्या तोंडाने देणार? बारा वर्षे पत्नी विचारते, "एक ओळ तरी लिहिली असेल ना हो तिने?" मी नाही म्हणतो. ते पत्र माझ्या मालकीचे नाही, त्यामुळे देण्याचा अधिकारही मला नाही. माझ्या मृत्यूनंतर भाच्याने ते तिला परत करावे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर
(सही) पट्टीकाका

साक्षीदारांची नोंद: सही आमच्यादेखत झाली. कलम सहा वाचून आमच्यापैकी डॉक्टर म्हणाले, "काका, याला तुमच्या मरणाची वाट कशाला?" काकांनी ते कलम स्वतःच्या हाताने खोडले आणि खणातले पत्र घेऊन ते आत गेले. थोड्या वेळाने आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. त्या पत्र मोठ्याने वाचत होत्या, काकांनाही ऐकू जावे म्हणून. आम्ही दार ओढून घेतले व पायरीवर बसून सह्या केल्या.

(सही) घरचे डॉक्टर
(सही) शेजारचे शिंपी