वाळवंटाची तालीम

२२ सप्टें. १९५७
चिकूच्या बागेचे मालक मेहेरबान शेठ, त्यांनी आज जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला. डहाणूपासून यझ्दपर्यंत, म्हणजे थेट इराणात त्यांच्या आजोळच्या गावी. अहमदाबाद, दिल्ली, अमृतसर, मग पाकिस्तान, क्वेट्टा. त्याच्या पुढे नकाशात काही नाहीच. नुसता पिवळा रंग. बोट ठेवून म्हणाले, "हे रण, वाळवंट. दिवाळी झाली के निघायचं. उन्हाळ्यात माणूस भाजतो, थंडीत वरती बर्फ. मधले हेच दिवस."
मी विचारलं, गाडी कोण चालवणार?
"तू, बीजा कोण?"
मी मान हलवली. का हलवली देव जाणे. आजवर फार तर तलासरीच्या पुढे भिलाडपर्यंत गेलेला माणूस मी.

२४ सप्टें.
जायचं ते शिरीनमायसाठी. शेठची आई. लहानपणी गाढवावर बसून वाळवंट ओलांडलं आणि पुढे बोटीने आली. धाकटी बहीण गोहर तिथेच राहिली. मेली असंच सगळे धरून होते. उन्हाळ्यात मुंबईला कोणी नातेवाईक आला, तो म्हणाला जिवंत आहे, डोळे गेलेत. तेव्हापासून शेठच्या डोक्यात हेच. माय पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाही म्हणते, म्हणून जीप.
शेठ यझ्दचं बोलतात तेव्हा माय ओट्यावर बसून चिकू निवडत असते.

३० सप्टें.
इथे खरं लिहायला हरकत नाही. मला भीती वाटते. डाकू, पोलीस, पाकिस्तान, त्याची नाही. मोकळ्याची वाटते. पोरवयात मामाच्या होडीवर जायचो. किनारा दिसायचा तोवर मी सगळ्यांत चलाख. किनारा पुसला गेला की पोटात गोळा, हातपाय गार, श्वास पुरेना. मामाने दोन हंगाम वाट पाहिली, मग म्हणाला, तू गाडीच शीक बाबा. गावाला वाटतं दामूला इंजिनाचं वेड म्हणून होडी सोडली. सरूलाही तेच वाटतं. लग्नाला इतकी वर्षं झाली.
आणि आता शेठ म्हणतात, तिकडे दिवस दिवस झाड दिसत नाही.

१३ ऑक्टो.
जीपमध्ये पाण्याची पिंपं भरून तलासरी-उधवा रस्त्यावर चाचणी. चढाला इंजिन तापलं. बॉनेट उघडून बसलो. आजूबाजूला गवत, साग, पाड्यावरचा धूर, कोंबड्या. मला फार बरं वाटलं. शेठ म्हणाले, "इथं गरम झालं तर तिथं काय होईल?" मी पण तेच म्हणतोय, पण वेगळ्या अर्थाने.
पासपोर्टसाठी फोटो काढला. फोटोत मी दरोडेखोर दिसतो. सरू म्हणाली, रुबाबदार.

२० ऑक्टो.
सरू डहाणू रोडच्या बाजारात पाटी घेऊन बसते आणि बोंबलाबरोबर माझी कीर्तीही विकते. "आमचे हे जीप हाकत इराणला चाललेत." स्टेशनमास्तरांच्या बायकोने खास निरोप पाठवला, येताना केशर आणा. न्हाव्याने फुकट दाढी केली. मी रस्त्याने मान खाली घालून चालतो तर लोक म्हणतात, बघा, किती साधा.

१ नोव्हें.
आज आमच्या धाकटी डहाणू गावात हद्द झाली. होडी पहिल्यांदा समुद्रात घालताना करतात ते सगळं बायकांनी जीपला केलं. बॉनेटला हळदकुंकू, नारळ, पुढे झेंडूचा हार. मामाने स्वतःच्या होडीचा बावटा काढून जीपला बांधला. त्याला सगळं ठाऊक आहे. माझ्याकडे बघून म्हणाला, "जमेल ना रे?" एवढंच. मी हसलो. 
आमच्यात होडीवर जाणाऱ्याला परत कधी येणार विचारत नाहीत. एकाही बाईने विचारलं नाही. त्याचाच मी धसका घेतला.

७ नोव्हें.
 नीट लिहितो.
शेठना वाळूची तालीम करायची होती. सकाळी ओहोटीला जीप किनाऱ्यावर उतरवली. मायलाही मागे बसवलं, सवय व्हावी म्हणून. मी म्हटलं, शेठ, आज पौर्णिमा, पाणी लवकर चढेल. तर म्हणे, "रणात पाणी नाय येत, दामू. तू वाळू बघ." 
ओल्या वाळूत मागची चाकं बसली. गॅस द्यावा तेवढी आणखी खाली. शेठ माणसं आणायला बागेकडे पळाले. मी आणि माय दोघंच. गुडघ्यांमुळे तिला उतरता येईना. भरती लागली होती. पाणी येऊन टायरला शिवून जायचं, दर वेळी जरा वर. मी म्हटलं, माय, पाठीवर घेतो. तिने माझं मनगट धरलं आणि पाण्याकडे बघत बोलायला लागली. आधी तिच्या भाषेत, मग मराठीत.
"मी सात वरसाची. गोहर चारची. गाढव एक. बाप बोलला, एकच पोरगी बसेल. गोहरने माझा हात धरलेला. बापाने नाय सोडवला, दामू. मी सोडवला. एक एक बोट."
तिने माझं मनगट आणखी आवळलं.
"आता ती विचारेल. मला नाय जायचं. मेहेरबान माझं ऐकत नाय. तू त्याला 'नाय' बोल. तुझ्याशिवाय तो नाय जाणार."
तेवढ्यात बागेतली वारली माणसं दोर आणि झावळ्या घेऊन आली. चाकांखाली झावळ्या घातल्या, ओढताना खो-खो हसत होती. जीप निघाली तेव्हा पाणी जीपच्या पायरीवर आलं होतं.

८ नोव्हें.
सुटलो. मायच सांगते, नको म्हण. मी आपल्या मनाने थोडाच म्हणतोय? म्हातारीचा शब्द मोडायचा का?
असं सकाळपासून स्वतःला सांगतोय. किती लवकर पटतं.

१० नोव्हें.
सांगितलं. शेठना म्हटलं, घरची अडचण आहे, जमणार नाही. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "बरं." नकाशाची घडी घालायला लागले, पण ती जमेना. शेवटी तसाच चुरगळून खिशात कोंबला.
घरी येऊन पोटभर जेवलो. किती दिवसांनी चव लागली. मग एकदम शेठचे हात आठवले.

१२ नोव्हें.
सरूला बाजारात कळलं. पाटी आपटली. "मी आता तोंड कसं दाखवू? घरची कंची अडचण? मी का?" तेव्हा सांगून टाकलं. होडी, किनारा, श्वास, सगळं. ती मासे साफ करत होती, तिचा हात थांबला नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंग नका जाऊ." रागाने नाही. साधंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ नोव्हें.
बाजारात सरूने सांगितलंय, शेठची जीप नादुरुस्त आहे, सुटा भाग मुंबईहून यायचाय. शेजारणीने मला सांगितलं. घरी सरू त्यावर अवाक्षर बोलली नाही. तिच्यावर एवढी माया मला लग्नात पण नव्हती आली.

१८ नोव्हें.
मायने बोलावलं. खाटेवर होती. वाळून गेलीय. खात नाही म्हणे.
"तू 'नाय' कशाला बोलला?"
"तुम्हीच सांगितलंत."
"भ्यालेल्या बाईचं ऐकतात, वेड्या?"
मला राग आला. आधी एक सांगायचं, मग दुसरं, आणि मध्ये मी. तसं म्हणणारही होतो. पण ती भिंतीकडे बघून बोलत होती. "पानी चढलं त्या दिवशी वाटलं, सुटले. आता नाय जावं लागणार. पन गोहर इथं येते रोज. दुपारी येते, जेवताना येते. इथं रोज विचारते, दामू. तिथं एकदाच विचारेल."
मी म्हटलं, शेठ दुसरा ड्रायव्हर बघतील. सुरतेला चांगले मिळतात.
"दुसरा नको. दुसरा गाणी बोलत चालवेल. मला भ्यायची लाज वाटेल. तुझ्यासंगत नाय वाटणार."
म्हणजे तिला कळलंय. कधी कळलं? वाळूत? मी तर समजत होतो की आमच्यात तीच एकटी घाबरली होती.
मी चपला घालून निघालो.

२१ नोव्हें.
एकटाच जीप घेऊन किनाऱ्यावर गेलो. ओहोटी. समुद्राकडे तोंड करून स्टिअरिंगवर बसलो, मागे बघायचं नाही असं ठरवून. शंभर आकडे मोजायचे होते. तिसापर्यंत पोचलो आणि मान वळली. सुरूची झाडं, घरं, सगळं जागच्या जागी.
यझ्द तीस आकड्यांवर नाही.

२३ नोव्हें.
शेठ भेटले. रागात नाहीत, ते जास्त जड जातं. "माय बोलते तुझ्याबरोबरच, नाय तर नाय. आता थांबलो तर वरती बर्फ. पुढल्या साली ती असेल नसेल. सोमवारी सकाळी जीप तुझ्या दारात आणतो. आला तर आला. नाय तर परत बागेत." आणि जाता जाता, "मी तुझ्यावर जोर नाय करत हां."
जोर केला असता तर नाही म्हणता आलं असतं.

२५ नोव्हें.
सकाळ. जीप दारात उभी आहे. शेठ खाली उतरून उगाच टायर बघतायत. माय पुढे बसलीय, डोक्याला रुमाल, डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी सीट धरलीय. गाडी तर चालू पण नाही.
मी अजून कोणाला काही बोललेलो नाही. ट्रंक सरूने भरली, विचारलं नाही. आत सुके बोंबील, लोकरीचे कपडे, अंगारा. दाराशी उभी आहे. जाऊ नका म्हणत नाही, जा म्हणत नाही. डोळे लाल.
पुन्हा किनारा पुसला गेलाय. तोच, होडीवरचा.
शेठनी हॉर्न दिला. एकदाच, हळू.
सरू म्हणते, किती लिहिताय. तिला काय सांगू? लिहिणं थांबलं की उठावं लागेल, आणि उठलो की एक तर जीपकडे जायचं नाही तर तिच्याजवळ जाऊन नाही जात म्हणून सांगायचं, म्हणून लिहितोय, काहीही लिहितोय, आज वारा नाही, बाहेर कोंबडा